वॉर्म-अप करूनही मध्यंतरानंतर आवाज बसतो? तपासणी या क्रमाने करा

प्रयोगाआधी नेमाने वॉर्म-अप करणाऱ्या नट-नट्यांची एक तक्रार माझ्याकडे सारखी येते. पहिला अंक खणखणीत जातो आणि मध्यंतर झालं की आवाज साथ सोडायला लागतो. पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो, "अजून कुठला व्यायाम वाढवू?" बहुतेक वेळा उत्तर असतं, एकही नको. बिघाड एक तर वॉर्म-अपच्या आतच असतो, नाहीतर वॉर्म-अप संपल्यापासून पडदा पडेपर्यंतच्या वेळात कुठेतरी लपलेला असतो.

लक्षणं

यातली दोन-तीन एकदम दिसत असतील तर पुढे वाचा.

- वाक्य सुरू करताना आधी नुसती हवा येते, सूर मागाहून लागतो.
- वरच्या पट्टीत हळू बोलता येत नाही, जोर लावला की मात्र आवाज निघतो.
- घसा सारखा खाकरावासा वाटतो, पण खाकरून निघत काहीच नाही.
- तालमीत एका श्वासात जाणाऱ्या पल्लेदार वाक्याला आता मधे श्वास घ्यावा लागतो, नाहीतर शेवटचे शब्द गिळले जातात.
- मानेचा पुढचा भाग आणि जबड्याचा सांधा ओढल्यासारखा दुखतो.
- प्रयोगानंतर आवाज खाली उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घोगरा असतो, दुपारपर्यंत सुटतो.

यातलं शेवटचं फसवं आहे. उतरलेला आवाज भारदस्त वाटतो, भेटायला आलेले लोक कौतुकही करतात. स्वरतंतूंना सूज आली की ते जड होतात, जड झाले की सावकाश थरथरतात, म्हणून सूर उतरतो. थोडक्यात, कौतुक सुजेचं चाललेलं असतं.

ओरडताना आवाज एकदम तुटून गेला असेल, थुंकीत रक्त दिसलं असेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल, तर खालची एकही तपासणी करू नका. सरळ शेवटच्या भागाकडे जा.

आधी फोनवर रेकॉर्डिंग

फुकट आहे, म्हणून पहिलं. आपल्याच भूमिकेतल्या चार ओळी निवडा आणि एका प्रयोगाच्या दिवशी त्या चार वेळा रेकॉर्ड करा: वॉर्म-अपच्या आधी, वॉर्म-अप झाल्यावर, मध्यंतरात, प्रयोग संपल्यावर. फोन दर वेळी तोंडापासून तेवढ्याच अंतरावर ठेवा. ओळींच्या शेवटी वरच्या पट्टीतला तुटक ‘ई-ई-ई’ जोडा, शक्य तितका हळू, शेजारच्या खोलीत झोपलेल्याला जाग येणार नाही इतका. हळू म्हणण्याला महत्त्व आहे. जोर लावला तर सुजलेले तंतूही दाबाखाली थरथरतात आणि दोष झाकला जातो. हळू ‘ई’ लागायला उशीर होतोय किंवा नुसती हवाच येतेय, म्हणजे तंतूंच्या कडा नीट मिळत नाहीत.

आता चारही तुकडे सलग ऐका. पहिल्यापेक्षा दुसरा वाईट असेल तर दोष वॉर्म-अपमध्ये आहे. दुसरा छान आणि तिसरा वाईट असेल तर पहिल्या अंकात किंवा त्याच्या आधी मेकअप रूममध्ये. चारही बरे आणि सकाळी मात्र घोगरा, तर प्रयोगानंतर तुम्ही काय करता ते बघायला हवं. एवढं कळलं की पुढच्या तपासण्यांपैकी निम्म्या गळतात.

वॉर्म-अप आणि एंट्री यांत किती वेळ गेला?

संध्याकाळी सगळ्यांबरोबर वॉर्म-अप झाला, मग मेकअप, मग फोन, मग विंगेत शांत बसणं, आणि पहिली एंट्री पहिला अंक निम्मा झाल्यावर. तोवर वॉर्म-अपचा परिणाम ओसरलेला असतो. पहिलंच वाक्य थंड आवाजाने जोरात मारलं जातं आणि तिथून घसरण सुरू होते. उपाय सोपा आहे. मुख्य वॉर्म-अप दहा-पंधरा मिनिटांचाच ठेवा, पडदा वर जायच्या अर्धा तास आधी. एंट्रीच्या दोन मिनिटं आधी विंगेत तोंड मिटून हलकं गुणगुणा, बाहेर ऐकू जाणार नाही इतकं. मध्यंतर संपतानाही तेच. दुसऱ्या अंकासाठी वेगळा वॉर्म-अप कुणी करत नाही, आणि आवाज बसतो तो नेमका त्याच अंकात.

पाणी कधी पिता?

विंगेत बाटली घेऊन उभं राहणं चांगलं, पण त्या घोटाचं एक बूंदही स्वरतंतूंना लागत नाही. गिळताना स्वरयंत्राचं दार बंद होतं आणि पाणी अन्ननलिकेत जातं. लागलं तर ठसका बसेल. तंतूंना ओलावा मिळतो तो शरीरात पाणी मुरल्यावर, म्हणजे दिवसभर थोडंथोडं पिऊन. ऐन वेळचा घोट तोंडाची कोरड घालवतो, तेवढंच. तंतूंच्या पृष्ठभागापर्यंत खरोखर काही पोचत असेल तर ती वाफ: प्रयोगाच्या आधी पाच-सात मिनिटं साध्या पाण्याची, सोसवेल इतकीच गरम, त्यात काहीही न घालता. मेंथॉलच्या गोळ्यांवर माझा राग आहे. थंडाव्याने घसा बरा वाटतो, मग दुखणं कळत नाही आणि माणूस आणखी जोर लावतो.

मधल्या वेळेत आवाज कुठे खर्च होतो?

अर्धा तास सलग आवाज काढला, सेकंदाला २०० कंपनं धरली (बाईच्या साध्या बोलण्याची पट्टी साधारण इथेच असते, पुरुषाची ११० च्या आसपास), तर स्वरतंतू ३,६०,००० वेळा एकमेकांवर आपटतात. वॉर्म-अपनंतर मेकअप रूममध्ये गप्पांचा फड जमला तर हा हिशेब पडद्याआधीच सुरू होतो. त्यात पंखे, ड्रायर, कुणीतरी लावलेली गाणी. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. फ्रेंच डॉक्टर एत्येन लोंबार्ड यांनी हे १९११ मध्ये नोंदवलं, आणि इच्छाशक्तीने ते आवरणं अवघड असतं. तेव्हा "हळू बोलेन" असं ठरवण्यापेक्षा खोलीतला आवाज कमी करा, नाहीतर खोली सोडा.

सामूहिक वॉर्म-अपचंही तेच होतं. गोलात उभं राहून आकडे ओरडण्याचे, एकमेकांकडे ‘हो!’ फेकण्याचे खेळ उत्साहासाठी झकास असतात. पण बाराजण एकदम ओरडत असताना स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही, मग प्रत्येक जण आणखी चढवतो. ते खेळ ठेवा, पण आवाज तापल्यानंतर, आधी नाही. दिग्दर्शक ऐकत नसेल तर गोलात या, ओठ हलवा आणि स्वतःचा वॉर्म-अप आधी उरकून घ्या.

आणखी दोन गळत्या. विंगेतली कुजबूज: अनेकांचा घसा कुजबुजताना साध्या बोलण्यापेक्षा जास्त आवळला जातो, त्यामुळे ती विश्रांती नव्हे. आवाज बसलेला असताना तर मुळीच नको. खुणा करा, नाहीतर हळू पण खऱ्या आवाजात बोला. दुसरी गळती खाकरणं. खाकरताना तंतू एकमेकांवर जोरात आदळतात, त्यांना बचावासाठी आणखी चिकट स्राव लागतो, आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. ती हाक आली की आवंढा गिळा किंवा घोटभर पाणी प्या. दोन-तीन दिवस जड जातं, मग सवय सुटते.

वॉर्म-अपच चुकतोय का?

इथे जरा थांबू, कारण दुसरं रेकॉर्डिंग पहिल्यापेक्षा वाईट निघणारे पुष्कळ असतात आणि त्यांना ते पटत नाही.

नेहमीची चूक क्रमाची असते. सुरुवात मोठ्या ‘आ’ने, तोंड पूर्ण उघडून, थेट शेवटच्या रांगेसाठी. तोंड सताड उघडं असलं की तंतूंना वरून कसलाच आधार नसतो, त्यामुळे ते थंड असतानाच पूर्ण जोराने आपटतात. उलट तोंडाची वाट अरुंद ठेवून आवाज काढला तर बाहेर पडायला अडलेली हवा तोंडात आणि घशात थोडा दाब धरते. तो दाब तंतूंना किंचित अलग ठेवतो, म्हणून ते कमी टक्कर खाऊन थरथरतात. अमेरिकन स्वरवैज्ञानिक इंगो टिट्झे यांनी यामागचं भौतिकशास्त्र मांडलं. फिनलंडमध्ये तर काचेच्या नळीचं टोक पाण्यात बुडवून आवाज काढायची उपचारपद्धती १९६० च्या दशकापासून आहे. ओठ फडफडवणं, गुणगुणणं आणि स्ट्रॉ हे सगळं याच तत्त्वावर चालतं.

मी स्ट्रॉ आणि पाणी पसंत करतो, कारण बुडबुडे खोटं बोलत नाहीत. अर्धा ग्लास पाणी घ्या. स्ट्रॉचं टोक पाण्यात साधारण दोन सेंटिमीटर बुडवा, ओठ तिच्याभोवती मिटा, खांदे सोडा आणि स्ट्रॉमधून ‘ऊ’ म्हणा. फुंकर नको, आवाज हवा. गळ्यावर बोट ठेवलंत तर थरथर लागली पाहिजे. मधेच नाक चिमटून बघा. आवाज बदलला तर हवा नाकातून पळते आहे. आता सूर हळूहळू वर न्या आणि नजर पाण्यावर ठेवा. बुडबुडे एकसारखे येत राहिले तर ठीक. एका विशिष्ट सुराला ते अडखळतात, ग्लास क्षणभर शांत होतो आणि मग एकदम उसळतो. ती जागा लक्षात ठेवा. तिथे तुम्ही घसा आवळून श्वास रोखता, आणि चढ्या प्रवेशात आवाज फाटतो तोही बहुधा त्याच सुराच्या आसपास. त्या जागेवरून जोर न लावता, सूर सरकवत वर-खाली जा. सलग पाच मिनिटं पुरे. चक्कर आल्यासारखं वाटलं तर थांबा, तुम्ही फुंकताय. टोक पाच सेंटिमीटरपेक्षा खोल बुडवू नका. विरोध इतका वाढतो की पुन्हा जोरच लावावा लागतो.

त्यानंतर त्याच स्ट्रॉमधून आपले संवाद म्हणा. शब्द कळणार नाहीत, पण चढउतार सगळे ठेवा. मग स्ट्रॉ काढून तीच वाक्यं बोलायच्या आवाजात, आणि शेवटी एकदाच प्रयोगाच्या आवाजात. मोठा ‘आ’ लावायचाच असेल तर तो इथे.

जीभ वळवणाऱ्या वाक्यांचा आणि तंतू तापण्याचा काही संबंध नाही. तो उच्चारांचा व्यायाम आहे, उपयोगी आहे, पण निम्मे लोक तो करताना जबडा कडक करतात. गालावर दोन्ही तळवे ठेवून करा. गालाचा स्नायू टणक लागला तर वेग कमी करा.

स्वराने सुरू होणारे शब्द

ही तपासणी सहसा कुणी करत नाही, आणि माझ्या अनुभवात पहिल्या अंकातच थकणाऱ्यांचा दोष बऱ्याचदा इथे सापडतो. हे वाक्य चिडून म्हणा: "आता उठ आणि इथून एकटा आत ये." जवळजवळ प्रत्येक शब्द स्वराने सुरू होतो. रागात आपण प्रत्येक स्वराआधी तंतू घट्ट मिटतो आणि खालून हवेने फोडतो, त्यामुळे घशात बारीकसा ‘टक्’ ऐकू येतो. एका वाक्यात सहा-सात टक्, आणि भांडणाचा प्रवेश दहा मिनिटांचा.

संहिता घ्या आणि चढ्या प्रवेशातल्या स्वरारंभी शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारा. मग तेच वाक्य शब्दाआधी ऐकू न येणारा ‘ह’ ठेवून म्हणा, किंवा आधीच्या शब्दाचं टोक पुढच्या स्वरात सरकवून. राग कमी होईल अशी भीती वाटते. होत नाही, कारण राग ‘ठ’, ‘ट’, ‘त’ या व्यंजनांवर नेता येतो आणि व्यंजनांनी तंतू झिजत नाहीत. शेवटच्या रांगेला वाक्य कळतं तेही व्यंजनांमुळेच. शब्दफेक म्हणजे मोठ्याने बोलणं नव्हे, हे सगळेच म्हणतात, पण त्यासाठी काय करायचं ते क्वचित सांगतात: व्यंजन स्पष्ट करा, स्वर मोकळा ठेवा, आवाज एक पायरी खाली घ्या.

श्वास, पण कपडेपटासकट

ट्रॅक पँटमध्ये श्वास छान चालतो. रंगीत तालमीला कमरेला पट्टा येतो, घट्ट शिवलेलं जाकीट येतं, कुणी पोट बांधतं. मग फासळ्यांचा खालचा भाग पसरत नाही, श्वास वर छातीत जातो, खांदे उचलले जातात आणि मानेचे स्नायू आवाजाच्या कामाला लागतात. म्हणून ही तपासणी पूर्ण वेशात करा. दोन्ही हात बाजूच्या खालच्या फासळ्यांवर ठेवून श्वास घ्या. हात बाहेर सरकले नाहीत तर कपडेपट सांभाळणाऱ्याला सांगून बंद दोन बोटं सैल करून घ्या. एका नटाचा आवाज कमरपट्ट्याचं एक छिद्र बदलून सुटला होता. त्याआधी त्याने कितीतरी व्यायाम करून पाहिले होते.

याच वेळी घड्याळ लावून आणखी एक करा. एका श्वासात ‘स्स्’ किती सेकंद टिकतो ते मोजा, मग ‘झाड’मधला ‘झ्झ्’ तितकाच सलग धरून मोजा. ‘स्स्’ला नुसता श्वास लागतो, ‘झ्झ्’ला श्वासाबरोबर तंतूही. दोन्ही साधारण सारखे हवेत. दोन्ही तोकडे असतील तर काम श्वासावर. ‘स्स्’ चांगला लांब आणि ‘झ्झ्’ खूपच आखूड निघाला, ‘स्स्’ला ‘झ्झ्’ने भागून उत्तर १.४ च्या वर गेलं, तर तंतू नीट मिळत नसावेत. दोन-तीन वेगळ्या दिवशी तेच आलं तर पुढचे व्यायाम थांबवा आणि दाखवून या.

किंकाळी, रडणं, ओरडणं

ही सगळ्यात अवघड दुरुस्ती, कारण इथे भूमिकाच बदलावी लागते असं वाटतं. आधी दिग्दर्शकाशी बोला: तालमीत प्रत्येक वेळी पूर्ण किंकाळी लागतेच का? हालचाली बसवायच्या तालमीत ती खुणेवर ठेवता येते. प्रयोगात किंकाळीआधी एक पूर्ण श्वास मिळेल अशी हालचाल बसवून घ्या. पाठ वळवणं, दोन पावलं मागे येणं, काहीही चालेल. हनुवटी पुढे काढून ओरडू नका, मान लांब राहू द्या. किंकाळी कशी लावायची हे मात्र वाचून शिकण्यासारखं नाही. त्यासाठी समोर आवाजाचा शिक्षक हवा, जो तुमची मान बघेल आणि तिथल्या तिथे थांबवेल.

प्रयोगानंतर पाच मिनिटं पुन्हा स्ट्रॉ, सूर वरून खाली सरकवत. चढलेला आवाज बोलण्याच्या पट्टीवर आणल्याशिवाय भेटीगाठींना बाहेर पडू नका. नाहीतर तासभर गप्पाही प्रयोगाच्याच आवाजात होतात.

घशाबाहेरची कारणं

सकाळीच घोगरेपणा, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटणं आणि रात्री प्रयोगानंतर उशिरा जेवून लगेच आडवं होणं, हे तिन्ही जुळलं तर पोटातलं आम्ल वर येत असण्याची शक्यता धरा. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवून दोन आठवडे बघा. सर्दीच्या काही गोळ्या घसा कोरडा करतात. दम्याच्या स्टिरॉइड इनहेलरनेही आवाज घोगरा होतो, तो घेतल्यावर चूळ भरायची असते. कुठलंही औषध स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी लिहून दिलं त्यांनाच विचारा. धूम्रपानाबद्दल वेगळं काय सांगायचं?

इथे थांबा, डॉक्टरकडे जा

ओरडताना, खोकताना किंवा शिंकताना आवाज एका क्षणात गेला, तर तंतूवरची रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. त्या क्षणापासून पूर्ण मौन. उरलेला अंक बदली नटाने करावा किंवा प्रयोग थांबवावा. हा एक निर्णय मी नटावर कधीच सोडत नाही, कारण तो "जमेल" असंच म्हणतो. स्ट्रॉ नको, गुणगुणणं नको, कुजबूज तर नकोच. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हृदयासाठी ॲस्पिरिन कायमची सुरू असेल तर ती चालू ठेवून डॉक्टरांना सांगा.

थुंकीत रक्त, गिळायला त्रास किंवा मानेत गाठ असेल तर लगेच दाखवा. श्वास घेताना आवाज येत असेल किंवा दम लागत असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता रुग्णालयात जा. सर्दी-खोकला नसताना घोगरेपणा तीन आठवडे टिकला तर वॉर्म-अप बदलत बसू नका. तंबाखूची सवय असेल तर तेवढेही थांबू नका. ताप आणि घसा सुजलेला असताना वॉर्म-अपने आवाज काढायचा प्रयत्न करू नये, त्रास वाढतो.

जायचं नाक-कान-घसा तज्ज्ञाकडे, आणि स्वरयंत्र दुर्बिणीतून बघायला सांगायचं. जीभ खाली दाबून टॉर्चने स्वरतंतू दिसत नाहीत. स्ट्रोबोस्कोपीची सोय असेल तर उत्तम, कारण तिच्यात तंतूंची थरथर संथ झालेली दिसते आणि कडा कुठे मिळत नाहीत ते कळतं. गाठी निघाल्या म्हणून घाबरू नका. ओरडण्याने आलेल्या गाठींवर पहिला उपचार सहसा शस्त्रक्रिया नसून आवाजाची थेरपी असतो, आणि त्यासाठी स्पीच थेरपिस्टकडे पाठवतात. जाताना ती चार रेकॉर्डिंग्ज, सुरू असलेल्या औषधांची यादी आणि पुढच्या प्रयोगांच्या तारखा न्या. "बोलायला त्रास होतो" एवढंच न सांगता आठवड्यात किती प्रयोग, त्यात किंकाळी कितीदा, हेही सांगा. मौन किती दिवस पाळायचं आणि कुठला प्रयोग सोडायचा, हे त्यावर ठरतं.